सतरंजीवरची वीस मिनिटे : धावपळीच्या जीवनात पिलाटेस

शहरी नोकरदाराच्या दिनक्रमातून व्यायाम गळून पडतो, तेव्हा वेळेचा अभाव हे कारण पुढे केले जाते आणि ते सर्वस्वी खोटे नसते. बदलापूर किंवा विरारहून लोकलने दक्षिण मुंबईत कामाला जाणाऱ्यांचे दिवसातले काही तास प्रवासातच जातात, आणि हिंजवडीतील एखाद्या संगणक कंपनीत परदेशी वेळेनुसार रात्री उशिरापर्यंत बैठका चालत असतील, तर पहाटे उठण्याचा संकल्प फार दिवस टिकत नाही. मात्र हाती लागणारा थोडका वेळ कोणत्या व्यायामाला दिला असता अधिक उपयोगी पडेल, याचा विचार क्वचितच होतो. व्यायामशाळेचे वर्षभराचे शुल्क जानेवारीत भरले जाते, पहिल्या आठवड्यात अंग मोडून येईपर्यंत वजने उचलली जातात आणि होळीच्या सुमारास तिकडचे जाणे थांबलेले असते. थोड्या वेळात, घरच्या घरी आणि फारशा साधनांवाचून करता येणारी, पण लक्ष मात्र पूर्ण मागणारी व्यायामपद्धती म्हणून पिलाटेसचा विचार येथे केला आहे. त्याचबरोबर या पद्धतीने काय साधत नाही, हेही सांगणे आवश्यक आहे, कारण तिची सध्याची जाहिरात तिच्या कुवतीपेक्षा मोठी झाली आहे.

प्रश्नाचा आवाका लहान नाही. ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ साली भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते, आणि हे प्रमाण पुरुषांमध्ये सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांमध्ये सुमारे ५७ टक्के होते. ‘पुरेशी’ म्हणजे किती, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मिळते : प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा, म्हणजे करताना बोलता येईल पण गाता येणार नाही असा, दमश्वास वाढवणारा व्यायाम करावा, किंवा ७५ ते १५० मिनिटे अधिक तीव्र व्यायाम करावा, शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातील सर्व मोठ्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, आणि वयाची पासष्टी ओलांडलेल्यांनी तोल सांभाळण्याचा सराव आठवड्यातून तीन दिवस तरी करावा. यांपैकी पहिला भाग लोकांच्या कानावर असतो, कारण डॉक्टर चालायला सांगतातच. दुसरा भाग मात्र बहुतेकांच्या लेखी तरुण पहिलवानांपुरता असतो. घरकामाने दिवसभर थकलेल्या गृहिणीला वेगळ्या व्यायामाची गरज नाही, हा समजही याच गैरसमजाचा भाऊबंद आहे. थकवा आला म्हणजे व्यायाम झाला असे नव्हे, आणि ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहिल्याने कंबरेवर ताण येतो, पण तो ताण पेलणारे स्नायू त्यामुळे बळकट होतातच असे नाही.

पिलाटेसची खरी जागा या दुसऱ्या भागात आहे. ती चालण्याचा पर्याय नाही, चालण्याला जोड आहे, आणि एवढे ध्यानात ठेवले तर तिच्याविषयीच्या निम्म्या शंका आपोआप मिटतात.

या पद्धतीचा जनक जोसेफ पिलाटेस याचा जन्म १८८३ मध्ये जर्मनीतील म्योन्शनग्लाडबाख येथे झाला. लहानपणी दमा, मुडदूस आणि संधिवाताचा ताप अशा दुखण्यांनी तो जर्जर होता, असे त्याच्या चरित्रात सांगितले जाते, आणि शरीर सुधारण्याच्या ध्यासाने त्याने जिम्नॅस्टिक्स, मुष्टियुद्ध इत्यादींचा अभ्यास केला. पहिल्या महायुद्धाच्या वेळी तो इंग्लंडमध्ये होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला स्थानबद्ध करण्यात आले आणि त्यातला बराच काळ त्याने आयल ऑफ मॅन या बेटावरील छावणीत काढला. तेथील आजारी बंदिवानांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून त्याने पडल्यापडल्या करता येणारे व्यायाम बसवले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तिच्यात दंतकथेचा अंश किती हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी त्याने पुढे तयार केलेल्या उपकरणांत स्प्रिंगांचाच वापर आहे. १९२६ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि पत्नी क्लारा हिच्यासह न्यूयॉर्कच्या एट्थ ॲव्हेन्यूवर त्याने व्यायामशाळा काढली, जिथे दुखापतीतून सावरू पाहणारे नर्तक येऊ लागले; जॉर्ज बॅलन्शीन आणि मार्था ग्रॅहॅम ही त्यांतली प्रसिद्ध नावे होत. आपल्या पद्धतीला तो ‘कंट्रोलॉजी’ म्हणत असे, आणि १९४५ च्या त्याच्या पुस्तकात जमिनीवर करावयाचे ३४ व्यायाम छायाचित्रांसह दिले आहेत. १९६७ मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावर पद्धतीला त्याचेच नाव चिकटले, पुढे त्या नावाच्या मालकीवरून खटला झाला, आणि २००० साली अमेरिकेतील न्यायालयाने हे नाव कोणा एकाचे नसून व्यायामप्रकाराचे सामान्य नाव असल्याचा निर्णय दिला. परिणामी आज कोणीही हे नाव पाटीवर लावू शकतो, आणि शिक्षकाची पारख करण्याची जबाबदारी शिकणाऱ्यावर येऊन पडते.

पिलाटेसचा गाभा समजण्यासाठी धडाच्या आतल्या रचनेची थोडी ओळख हवी. पोटाचे स्नायू म्हटले की डोळ्यांपुढे येतात ते पोटावरून उभे जाणारे आणि पडद्यावरच्या नायकांच्या अंगावर ठोकळ्यांसारखे दिसणारे स्नायू. परंतु त्यांच्या खाली, सर्वांत आत, कंबरपट्ट्यासारखा धडाला आडवा वेढा घालणारा एक पातळ स्नायू असतो, त्याला उदराचा आडवा स्नायू म्हणता येईल. पाठीच्या बाजूला मणक्यामणक्याला जोडणारे लहान खोल स्नायू, वरच्या बाजूला छाती आणि पोट यांना विभागणारे श्वासपटल आणि तळाशी मूत्राशय, गर्भाशय इत्यादींना आधार देणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, असे मिळून पोटाच्या पोकळीला चहूबाजूंनी बंदिस्त करणारे आवरण तयार होते, आणि हे आवरण योग्य प्रमाणात आवळले गेले की आतला दाब वाढून कण्याला आधार मिळतो. ऑस्ट्रेलियातील हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांनी १९९६ मध्ये असे दाखवले, की निरोगी व्यक्ती हात उचलते तेव्हा हाताची हालचाल सुरू होण्याच्या आधीच हा आडवा स्नायू कामाला लागतो, तर जुनाट कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा जागा होतो. या एकाच स्नायूला अवास्तव महत्त्व देऊ नये, असे पुढे अनेक अभ्यासकांनी म्हटले आणि ते योग्यच आहे. तरीही धडाचा आतला भाग स्थिर ठेवून हातापायांची हालचाल करण्याचा सराव हाच पिलाटेसच्या बहुतेक व्यायामांचा पाया आहे, आणि दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत पाठीला पोक काढून बसणाऱ्याच्या शरीराला नेमकी हीच सवय राहिलेली नसते.

श्वासाची रीत हा या पद्धतीचा वेगळा वाटणारा भाग आहे. योगाभ्यासात पोट फुगवून घेतला जाणारा श्वास अनेकांच्या परिचयाचा असतो; पिलाटेसमध्ये मात्र पोट हलके आत ओढलेले ठेवायचे असल्याने श्वास बरगड्यांच्या बाजूंना आणि पाठीकडे पसरवायचा असतो. हे जमते की नाही हे पाहण्यासाठी दोन्ही तळहात छातीच्या पिंजऱ्याच्या खालच्या कडांवर बाजूने ठेवावेत, नाकाने श्वास घेताना हात एकमेकांपासून दूर जातात का ते पाहावे, आणि तोंडाने सावकाश श्वास सोडताना बरगड्या खाली आणि आत येतात का ते न्याहाळावे. श्वास सोडताना नाभी कण्याकडे अलगद सरकवावी आणि त्याच वेळी लघवी रोखून धरताना जसे केले जाते तसे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू वर ओढावेत. हा जोर पूर्ण ताकदीचा नसावा, तिसऱ्या हिश्शाइतका असला तरी पुरतो. पोट आवळण्याच्या नादात श्वासच कोंडून धरणे ही नवशिक्यांत सर्वाधिक आढळणारी चूक आहे, आणि रक्तदाब असलेल्यांच्या बाबतीत ती धोक्याचीही ठरू शकते.

दुसरी समजून घेण्याची गोष्ट म्हणजे कण्याची नैसर्गिक ठेवण. पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत, पावले खुब्यांच्या रुंदीइतकी दूर जमिनीवर टेकवावीत; मग कंबर जमिनीला चिकटेल इतकी दाबावी आणि त्यानंतर उलट दिशेने कमान करावी. या दोन टोकांच्या मध्ये, जिथे कंबरेखाली तळहात जेमतेम सरकेल एवढी पोकळी राहते आणि कोठेही ताण जाणवत नाही, ती कण्याची मूळ स्थिती समजावी. बहुतेक व्यायामांची सुरुवात येथून होते, आणि केवळ ही स्थिती ओळखता येऊ लागली तरी खुर्चीत बसण्याच्या ढबीत फरक पडू लागतो.

प्रत्यक्ष व्यायामांसाठी जाडसर सतरंजी किंवा रबरी चटई पुरे. गादीवर मात्र करू नये, कारण मऊ पृष्ठभागावर कण्याची स्थिती कळत नाही. आरंभ पूल या व्यायामाने करणे सोयीचे असते. वर सांगितलेल्या स्थितीत श्वास सोडत आधी माकडहाड, मग कंबर, मग पाठीचा मधला भाग असे एकेक मणका उचलत नितंब वर न्यावेत, गुडघ्यांपासून खांद्यापर्यंत सरळ रेषा झाली की तेथे एक श्वास घ्यावा, आणि उतरताना वरच्या मणक्यापासून क्रमाने खाली यावे. हा व्यायाम आठ वेळा सावकाश केला तर दीड-दोन मिनिटे जातात. घाईने वीस वेळा केला तर तो केवळ नितंब आपटण्याचा खेळ होतो. पूल झाल्यावर त्याच स्थितीत दोन्ही पाय एकामागून एक उचलून गुडघे खुब्यांच्या वर आणावेत, पोटऱ्या जमिनीला समांतर ठेवाव्यात, आणि श्वास सोडताना एका पायाचे बोट जमिनीला टेकवून पुन्हा वर आणावे. या वेळी कंबर जमिनीपासून वर उचलली जाऊ लागली, तर पाय जितका खाली जाऊ शकतो त्याची मर्यादा तेथे आली असे समजावे.

पिलाटेसची ओळख बनलेला ‘हंड्रेड’ हा व्यायाम यानंतर घ्यावा. यात हात शरीराच्या बाजूला जमिनीपासून थोडे वर ठेवून खालीवर लहान ठोके द्यायचे असतात, पाच ठोक्यांत श्वास घ्यायचा, पाचांत सोडायचा आणि अशी दहा आवर्तने करून शंभर पूर्ण करायचे असतात. मूळ रूपात डोके आणि खांदे उचललेले व पाय सरळ तिरपे असतात, पण नवशिक्याने डोके जमिनीवर आणि पावले टेकलेली ठेवूनच आरंभ करावा. मानेत ताण येऊ लागला म्हणजे पोटाचे काम मानेने हाती घेतले, असा त्याचा अर्थ होतो.

पाठीवरचे व्यायाम संपल्यावर कुशीवर वळावे, खालचा हात डोक्याखाली घ्यावा आणि वरचा सरळ पाय खुब्याच्या उंचीपर्यंत उचलून आठ-दहा वेळा खालीवर करावा. खुब्याच्या बाजूचे स्नायू एका पायावर उभे राहताना ओटीपोट समतल ठेवतात, म्हणजेच जिना चढताना आणि धावत्या गर्दीतून वाट काढताना तेच उपयोगी पडतात. दिवसभर बसून राहणाऱ्याचे हे स्नायू हमखास कमजोर असतात, म्हणून हा भाग कंटाळवाणा वाटला तरी टाळू नये. शेवटी हात आणि गुडघे टेकून रांगण्याच्या स्थितीत यावे, आणि कंबरेला झोल पडू न देता उजवा हात व डावा पाय एकाच वेळी लांबवून परत आणावा, मग बाजू बदलावी. एवढे पाच व्यायाम सावकाश केले तर वीस मिनिटांत होतात, आणि पहिले सहा ते आठ आठवडे यात नवीन काही भर घालण्याची गरज नसते. पाय सरळ ठेवून झोपलेल्या स्थितीतून उठून बसण्याचा, किंवा चेंडूसारखे मागे-पुढे लोळण्याचा व्यायाम चित्रफितींत आकर्षक दिसतो, परंतु तो नंतरच्या टप्प्यावरचा आहे.

वेळेचे गणित मांडताना रोजच्या संकल्पापेक्षा आठवड्याचा हिशेब अधिक टिकाऊ ठरतो. आठवड्यातून तीन दिवस वीस मिनिटे पिलाटेस, आणि उरलेल्या दिवसांत चालणे, अशी विभागणी नोकरदाराला परवडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वीच्या सूचनांत व्यायामाचा प्रत्येक तुकडा किमान दहा मिनिटांचा असावा अशी अट होती, ती २०२० मध्ये काढून टाकण्यात आली. त्यामुळे स्थानकापर्यंत रिक्षाऐवजी पायी जाणे, बसमधून एक थांबा आधी उतरणे किंवा कार्यालयाचे चार मजले जिन्याने चढणे यांतली मिनिटेही हिशेबात धरता येतात. पावसाळ्यात जेव्हा कोकणात आणि मुंबईत चालण्याची सोय उरत नाही, तेव्हा सतरंजीवरचा व्यायाम खंड पडू देत नाही, हा त्याचा दुर्लक्षित फायदा आहे. जेवणानंतर दोन-अडीच तास तरी पोटावर दाब देणारे व्यायाम करू नयेत. म्हणून रात्री उशिरा जेवणाऱ्याने ते संध्याकाळी घरी पोचल्याबरोबर, जेवणापूर्वी उरकणे बरे. बैठ्या कामात दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून उभे राहावे, कारण वीस मिनिटांच्या व्यायामाने उरलेल्या सलग दहा तासांच्या बसण्याची पुरती भरपाई होत नाही.

सूर्यनमस्कार घालणाऱ्याने ते सोडून पिलाटेसकडे वळावे का, हा प्रश्न महाराष्ट्रात स्वाभाविकपणे विचारला जातो, कारण औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा पद्धतशीर प्रसार केल्याला शंभरएक वर्षे होत आली आहेत आणि ती सवय काही घरांत अजून टिकून आहे. सोडण्याचे कारण नाही. सूर्यनमस्कारात शरीर मुख्यतः पुढे आणि मागे वाकते, हातांवर भार येतो आणि वेगाने घातले तर दमही लागतो. बाजूला वाकणे, धड पिळणे आणि कुशीवरून खुब्याला बळ देणे या गोष्टी त्यात जवळजवळ नाहीत, आणि पिलाटेस ती उणीव भरून काढते. एक दिवस हे आणि एक दिवस ते, अशी सांगड घालायला हरकत नाही.

लाभांविषयी पुराव्यानिशी काय म्हणता येते, ते पाहिले पाहिजे. कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात कंबरदुखीवरील दहा चाचण्या आणि त्यांतील ५१० व्यक्तींची माहिती एकत्र करून पाहिली गेली. जवळजवळ काहीच उपचार न घेणाऱ्यांच्या तुलनेत पिलाटेस करणाऱ्यांचे दुखणे कमी झाले आणि हालचाल सुधारली, मात्र इतर प्रकारच्या व्यायामांपेक्षा ती निर्विवाद सरस असल्याचे दिसले नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा, की ज्याला जो व्यायाम आवडेल आणि सातत्याने करता येईल तोच त्याच्यासाठी चांगला, आणि ज्यांना धक्के, उड्या व वजने नकोशी वाटतात त्यांच्यासाठी ही पद्धती सोयीची आहे. वजन कमी करण्याच्या बाबतीत तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये, कारण जमिनीवरच्या सावकाश व्यायामात खर्च होणारी ऊर्जा माफकच असते. पिलाटेसमुळे स्नायू ‘लांब’ आणि सडपातळ होतात, हे जाहिरातीतले विधान तर शरीररचनेलाच धरून नाही. स्नायू हाडांना ज्या ठिकाणी जोडलेले असतात ती ठिकाणे व्यायामाने सरकत नाहीत.

काही व्यक्तींनी मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून आरंभ करू नये. हाडे ठिसूळ झालेल्यांना, विशेषतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना, कणा पुढे वाकवून केलेल्या व्यायामांमुळे मणक्याला इजा होऊ शकते. त्यांनी पुढे वाकणे आणि लोळणे पूर्णपणे टाळून पूल, कुशीवरचे आणि रांगण्याच्या स्थितीतील व्यायाम शिक्षकाकडून बसवून घ्यावेत. मणक्यातील गादी सरकल्याने पायात कळ जात असेल, तर भौतिकोपचारतज्ज्ञाने पाहिल्याशिवाय काहीही करू नये. गर्भारपणात पहिले तीन महिने उलटल्यानंतर पाठीवर बराच वेळ पडून करावयाचे प्रकार वगळावेत, आणि बाळंतपणानंतर पोटाचे उभे स्नायू मध्यरेषेत एकमेकांपासून दूर गेले असतील तर ‘हंड्रेड’सारख्या व्यायामाची घाई करू नये. उलटपक्षी, बाळंतपणानंतर खोकताना किंवा शिंकताना लघवीचे थेंब गळण्याचा त्रास पुष्कळ स्त्रिया लाजेपोटी वर्षानुवर्षे सोसतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा शास्त्रशुद्ध सराव हा त्यावरचा मान्य उपाय आहे.

मोठ्या शहरांत आता ‘रिफॉर्मर’चे वर्ग निघाले आहेत. रिफॉर्मर म्हणजे रुळांवर सरकणारी, स्प्रिंगांनी ओढून धरलेली गादीची चौकट असते; स्प्रिंगांची संख्या बदलून जोर कमी-जास्त करता येतो आणि दुखापतीतून उठणाऱ्याला त्याचा आधारही मिळतो, पण या वर्गांचे शुल्क भारी असते आणि निरोगी व्यक्तीला ते अपरिहार्य नाही. खर्च करायचाच झाला तर तो सुरुवातीच्या सात-आठ तासिकांसाठी चांगल्या शिक्षकावर करावा. शिक्षकाने पहिल्या दिवशी जुन्या दुखण्यांची आणि शस्त्रक्रियांची चौकशी केली का, एका वर्गात किती जण असतात, तो स्वतः करून दाखवण्यात रमतो की शिकणाऱ्याभोवती फिरून चुका दुरुस्त करतो, आणि एखाद्याला न जमणाऱ्या व्यायामाचे सोपे रूप त्याला सुचवता येते का, या गोष्टी भिंतीवरच्या प्रमाणपत्रापेक्षा अधिक सांगून जातात.

नव्या सरावानंतर एक-दोन दिवस पोटात आणि नितंबांत जाणवणारा ठणका स्नायूंच्या श्रमाचा असतो आणि तो आपोआप जातो. सांध्यात टोचणारी, व्यायाम करतानाच वाढत जाणारी किंवा हातापायात मुंग्या आणणारी वेदना मात्र थांबण्याची सूचना असते. लग्नसराईत, परीक्षांच्या दिवसांत किंवा गणपतीत आठवडा-दोन आठवड्यांचा खंड पडतोच. अशा वेळी भरपाई म्हणून एका दिवशी दुप्पट व्यायाम करू नये, प्रत्येक व्यायामाच्या निम्म्या आवृत्त्यांपासून पुन्हा सुरुवात करावी आणि आठवड्याभरात पूर्वीच्या पातळीवर यावे.